ब्रश कटर चोकवर चालू होतो, चोक काढला की बंद

घणसोलीकर:
सोसायटीचा टू-स्ट्रोक ब्रश कटर आहे, ४३ सीसी. दिवाळीनंतर मीटर रूममध्ये पडून होता, टाकीत थोडं पेट्रोलही होतं. आता पाऊस लागला, कंपाउंडला गवत गुडघाभर झालंय. चोक लावून दोरी ओढली की चालू होतो, चोक काढला की लगेच गप्प. प्लग नवीन टाकलाय. माळी म्हणतो कार्ब्युरेटरच बदला. खरंच लागेल का?

रिंच_पाना:
इतक्यात नको. चोकवर चालतोय म्हणजे करंट आहे, कॉम्प्रेशन आहे. चोक हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो; तो काढल्यावर बंद पडतो म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा खेचतोय. आधी टाकी काचेच्या बाटलीत रिकामी करा आणि बाटली दहा मिनिटं हलवू नका. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी आणि इथेनॉल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं, आणि खाडीकाठच्या हवेत ओलीला काय तोटा! त्यात टाकीतलं फिल्टर वजनदार, तळाशीच लोळतं. इंजिनात आधी तोच थर जातो.

मग प्रायमर (पेट्रोल खेचणारा रबरी फुगा) दाबत टाकीकडे परत जाणाऱ्या नळीकडे बघा. बुडबुडे थांबतच नसतील तर नळीला भेग आहे, बहुधा टाकीच्या रबरी बुचापाशी.

येऊर_पायथा:
नळी ठीक असेल तर कार्ब्युरेटर उघडा. आतला डायफ्राम, म्हणजे पेट्रोलचा प्रवाह सांभाळणारा पातळ पडदा, मऊ हवा. बोटाने दाबल्यावर कडकडला तर गेला. जेटमध्ये (पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात) तार अजिबात घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर फवारा, पण डायफ्राम बाजूला काढून.

नवीन पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मशीनवरच्या स्टिकरप्रमाणेच घाला: ४०:१ (पेट्रोल:ऑइल) असेल तर लिटरला २५ मिली, २५:१ असेल तर ४० मिली. ‘थोडं जास्त घाल, इंजिन टिकतं’ हा सल्ला माळीमंडळींत फार चालतो. त्याने प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरची जाळी कार्बनने बुजते, बाकी काही नाही.

घणसोलीकर:
बाटलीत खाली गढूळ थर आलाच. नळी चांगली आहे, डायफ्राम मात्र पापडासारखा झालाय. डायफ्रामचं किट घेताना काय बघू?

रिंच_पाना:
जुने डायफ्राम आणि गॅस्केट (सांधा बंद करणारी पातळ चकती) सोबत न्या, भोकं जुळवून घ्या. सीसी सांगून आणलेलं किट बसेलच असं नाही. बसवताना क्रम सांभाळा. सुई आणि लिव्हर असलेल्या बाजूला बॉडीवर आधी गॅस्केट, मग डायफ्राम, मधलं बटण लिव्हरकडे. पंपाच्या बाजूला उलट: आधी डायफ्राम, वर गॅस्केट. इथे अदलाबदल झाली तर नवीन किट टाकूनही तुमची तक्रार हीच राहील.

येऊर_पायथा:
आणि दिवाळीला ठेवताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.