मदत हवी आहे: नववीच्या वर्गाला धातुकाम शिकवताना ब्लेडं तुटतात, रिव्हेट ढिले राहतात

कार्यानुभव_सोलापूर

सोलापुरातली मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा. नववीत ३६ मुलं-मुली, आठवड्याला एकदा सलग दोन तासिका, म्हणजे ७० मिनिटं. कार्यशाळा पत्र्याच्या शेडमध्ये आहे. साधनं: ४ व्हाइस (काम आवळून धरायचे शिकंजे), बाकावरचं १ ड्रिल मशीन, ६ हॅक्सॉ (लोखंड कापायच्या करवती), १० कानशी, हातोडे, काटकोन तपासायच्या २ गुण्या.

मुलांना घरी नेऊन वापरता येईल अशी वस्तू करायला द्यायची आहे. भाकरीचं उलथणं ठरवलंय. पात्याला पत्रा, मुठीला २० × ३ मि.मी.ची लोखंडी पट्टी, जोडायला दोन रिव्हेट (भोकात घालून शेपूट ठोकून पसरवायचे खिळे). सरावाच्या तुकड्यांवर पुढच्या अडचणी येतात:

पट्टी कापताना हॅक्सॉची ब्लेडं फार तुटतात, एका तासाला चार-पाच. दोन्ही भागांतली भोकं जुळत नाहीत. रिव्हेट ठोकल्यावर जोड हलतो, काहींचं डोकं एका बाजूला कलंडतं. शाळेत जुना जस्ती पत्रा पडून आहे, तो पात्यासाठी चालेल का? आणि चार व्हाइसवर ३६ जणांना कसं बसवायचं? जाणकारांनी मापांसकट सांगावं.

गुण्या_आणि_कानस

आधी पत्र्याचं, कारण तिथे चूक झाली तर ती ताटात जाते. जस्ती पत्रा उलथण्याला अजिबात नको. तव्यावर ते पातं रोज तापणार, आणि जस्ताचा थर अन्नाला लागू द्यायचा नसतो. त्या पत्र्याला शेगडीत किंवा वेल्डिंगखालीही घालू नका. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जुना पत्रा केरसुपलीसाठी ठेवा, तिथे तो उत्तम.

पात्याला १८ गेजचा, म्हणजे १.२ मि.मी.चा सीआर (कोल्ड रोल्ड, न तापवता लाटलेला गुळगुळीत लोखंडी) पत्रा घ्या. हाताच्या कातरीने हा पत्रा नववीच्या मुलांना झेपत नाही. बोटं दुखतात आणि कड चावल्यासारखी होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिअरिंग मशीन (पत्रा कापायचं यंत्र) असलेल्या फॅब्रिकेशनच्या शेडमधून ९० × ११० मि.मी.चे आयत कापून आणा. चार फुटी पत्र्यातून ३६० मि.मी. रुंद पट्टा घेतला तर ११० च्या अकरा आणि ९० च्या चार ओळी बसतात, म्हणजे ४४ तुकडे. ३६ मुलांचे आणि ८ बिघडायला. वजन साधारण चार किलो.

मुठीची पट्टी एकेकाला २८० मि.मी. सहा मीटरच्या दोन पट्ट्या पुरतात. दुकानातच दोन-दोन मीटरचे तुकडे करून घ्या, प्रत्येकातून सात निघतात.

यंत्रमागाचे जुने सुटे भाग शहरात भंगारात भरपूर मिळतात, पण वाकवायच्या कामाला ते नकोत. बरेचसे बिडाचे असतात. बीड वाकत नाही, ठोकलं की तडकतं.

आखणीत घाई करू नका. पहिल्या दिवशी धातूला हात न लावता वहीच्या जाड पुठ्ठ्यावर पूर्ण मापाचं उलथणं कापून घ्या. पुढचे दोन कोपरे १० मि.मी. त्रिज्येने गोल, मागचे दोन २० मि.मी.वर ४५ अंशात छाटलेले. पुठ्ठ्यावर चुकलं तर नवा पुठ्ठा घेता येतो. मग तो पत्र्यावर ठेवून स्क्रायबरने, म्हणजे टोकदार पोलादी सुईने, आखायचं. चकचकीत पत्र्यावर रेघ दिसत नाही, त्यासाठी मोरचुदाचं पाणी बोळ्याने फिरवा. लोखंडावर तांब्याचा लालसर थर बसतो आणि बारीक रेघही उठून दिसते. द्राक्षबागेच्या फवारणीला लागतं तेच मोरचूद, कृषी केंद्रात मिळतं. विषारी आहे, म्हणून शिक्षकानेच लावायचं आणि नंतर साबणाने हात धुवायचे. सीआर पत्र्यावर तेल असतं, ते आधी पुसलं नाही तर थर धरत नाही.

टूलरूम_चिंचोळी

ब्लेडं तुटण्याबद्दल. पट्टी व्हाइसमध्ये उभी, म्हणजे ३ मि.मी.ची कड वर करून धरता का? बहुतेक तेच होतंय. कापताना निदान तीन दात एका वेळी धातूवर टेकलेले हवेत. इंचाला २४ दातांचं ब्लेड घेतलं तरी ३ मि.मी.मध्ये तीनपेक्षा थोडे कमीच दात बसतात. कड दोन दातांच्या मध्ये अडकते, मूल जोर लावतं आणि दात किंवा ब्लेड जातं. पट्टी आडवी धरा, २० मि.मी.ची रुंद बाजू वर. मग अठरा-एकोणीस दात एकदम काम करतात.

कापायची रेघ व्हाइसच्या जबड्यापासून १० मि.मी.च्या आत ठेवा. लांब बाहेर काढलेली पट्टी थरथरते आणि ब्लेड तिरकं होतं. दात पुढच्या दिशेला. पंखाचा नट हाताने घट्ट झाला की आणखी एक-दोन फेरे. ढिलं ब्लेड वळतं आणि मधोमध तुटतं. मिनिटाला ४० ते ५० फेऱ्या, जोर फक्त पुढे ढकलताना. मुलं घाईत आखूड आखूड ओढतात. त्यामुळे मधलेच चार बोटं दात झिजतात आणि बाकीचं ब्लेड कोरं राहतं.

अर्ध्या कापात ब्लेड तुटलं तर नवं ब्लेड त्याच खाचेत घालू नका. जुन्या ब्लेडचे दात झिजून खाच अरुंद झालेली असते. नव्याचे दात दोन्ही बाजूंना जास्त फाकलेले असल्याने ते अडकतं आणि तेही तुटतं. पट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.

खरेदी करताना लवचिक ब्लेडं मागा, ज्यांचे फक्त दात कडक केलेले असतात. पूर्ण कडक ब्लेड वळलं की काचेसारखं फुटतं आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. चष्मे किती आहेत? व्हाइसवर आणि ड्रिलपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला हवेत.

कार्यानुभव_सोलापूर

बरोबर, पट्टी उभीच धरली जाते. चष्मे सध्या फक्त सहा आहेत, वाढवतो. आणखी एक विचारायचं होतं. कानस मारल्यावर कड सपाट न होता मधे फुगीर होते. आणि पत्र्यात पाडलेलं भोक गोल न येता तिकोनी येतं. ड्रिलबिट तर नवं आहे.

फिटरताई

कड फुगीर होते कारण कानस झोपाळ्यासारखी हलते. सुरुवातीला पुढच्या हाताचा जोर जास्त, मधे दोन्हींचा सारखा, शेवटी मुठीच्या हाताचा. हे तोंडी सांगून कळत नाही. मुलाचे दोन्ही हात कानशीवर ठेवून दहा फेऱ्या सोबत मारा. दुसरं कारण व्हाइसची उंची. कोपर जबड्यावर टेकवलं की मूठ हनुवटीला लागली पाहिजे. मोठ्यांसाठी बसवलेला व्हाइस नववीच्या मुलांना उंच पडतो, त्यांना पायाखाली भक्कम फळी द्या. मूठ न बसवलेली कानस कुणाच्याही हातात देऊ नका, तिचं टोक तळहातात घुसतं. काम तपासायला गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. फट दिसते तिथे खोलगट, उजेड अडतो तिथे उंच.

आता भोकं. पातळ पत्र्यात ड्रिलचं टोक पलीकडे निघतं तेव्हा त्याच्या बाहेरच्या धारा अजून पुरत्या टेकलेल्या नसतात. आधार सुटतो, ड्रिल नाचतं आणि भोक तिकोनी होतं. शिवाय पत्रा चटकन वर ओढला जाऊन पंख्यासारखा फिरतो. म्हणून पत्रा कधीच हातात धरायचा नाही. खाली लाकडाचा ठोकळा, वर मूठपट्टी, मधे पात्याचा पत्रा, आणि सगळं मिळून सी-क्लॅम्पने आवळायचं.

भोकं न जुळण्यावर उपाय हाच: दोन भाग वेगवेगळे ड्रिल करायचेच नाहीत. मूठपट्टी पात्यावर ४० मि.मी. चढवायची. पट्टीच्या टोकापासून १० आणि ३० मि.मी.वर सेंटर पंच. पंचाचा खळगा नसेल तर ड्रिल घसरतं. ४ मि.मी.च्या रिव्हेटला ४.२ मि.मी.चं ड्रिल. पहिलं भोक दोन्हींतून एकदम पाडा, त्यात ४ मि.मी.चा बोल्ट-नट घाला, गुण्याने पातं सरळ करा आणि मगच दुसरं भोक. आता दोन्ही भोकं आपोआप जुळलेली आहेत. पट्टीवर आणि पात्यावर त्या मुलाचा क्रमांक पंचाने मारून ठेवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात एकाची मूठ दुसऱ्याच्या पात्याला लागते.

ड्रिलचा वेग: साध्या लोखंडाला मिनिटाला २५ मीटर धरला तर ४.२ मि.मी.ला साधारण १९०० फेरे, मुठीच्या टांगायच्या ६ मि.मी. भोकाला १३००. पुली बदलताना जवळचा कमी वेग घ्या. ड्रिलपाशी हातमोजे नकोत, ते गुंडाळले जातात. वेणी बांधलेली, ओढणी काढून ठेवलेली, बाह्या दुमडलेल्या. बुरादा ब्रशने काढायचा, फुंकायचा नाही.

जोड हलण्याचं मूळ बहुधा इथे आहे. भोक पाडल्यावर खालच्या बाजूला बर, म्हणजे धातूची खरखरीत धारदार कड, उभा राहतो. तो न काढता दोन भाग एकमेकांवर ठेवले की मधे कागदाएवढी फट राहते. रिव्हेट ठोकताना त्याचं अंग त्या फटीत फुगतं आणि दोन्ही भागांना दूर ढकलतं. नंतर कितीही ठोका, जोड बसत नाही. म्हणून बोल्ट काढा, भाग सुटे करा, १० मि.मी.चं ड्रिल नुसतं हाताने दोन फेरे फिरवून प्रत्येक भोकाचा बर दोन्ही बाजूंनी काढा.

रिव्हेटची लांबी मोजून घ्या. दोन्ही भागांची जाडी ३ + १.२ = ४.२ मि.मी. गोल डोकं घडवायला त्यात रिव्हेटच्या व्यासाची दीडपट, म्हणजे ६ मि.मी. मिळवायचे. झाले १०.२, म्हणजे १० मि.मी.चा रिव्हेट बरोबर. १५ मि.मी.चा वापरला तर शेपूट लांब होऊन वाकतं, तुमचं डोकं कलंडतंय ते त्यामुळे. ८ चा घेतला तर डोकं पुरत नाही. ७२ लागतील, १०० आणा.

ठोकण्याचा क्रम असा. रिव्हेटचं तयार डोकं वाटीच्या खळग्यात खाली. असा खळगा असलेली डॉली नसेल तर लोखंडी ठोकळ्यात ८ मि.मी.च्या ड्रिलने उथळ खळगा करा. शेपटीवर ८ मि.मी.चा नट ठेवून त्यावर दोन हलके ठोके द्या, म्हणजे दोन्ही भाग खाली बसतात. ही पायरी सगळे गाळतात आणि तिथेच जोड बिघडतो. नट काढा, हातोडीच्या सपाट तोंडाने शेपटीवर सरळ ठोके मारून ती फुगवा, मग हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने फिरत गोल करा, शेवटी स्नॅप, म्हणजे डोक्याला आकार देणारा वाटीच्या तोंडाचा पंच. पहिला रिव्हेट अर्धा बसवून दुसरा घाला, मग दोन्ही पुरे करा.

मूठ वाकवायची असेल तर हे सगळं रिव्हेटच्या आधी, पट्टी सुटी असताना करा. पात्याकडच्या टोकापासून ६० मि.मी.वर रेघ, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने साधारण २० अंश. सगळ्यांचा कोन सारखा यावा म्हणून पुठ्ठ्याचा एक कोन कापून ठेवा.

गुण्या_आणि_कानस

फिटरताईंच्या मांडणीत एक भर. थेट उलथण्यावर जाऊ नका. दोन आठवडे ५० मि.मी.च्या तुकड्याची एकच कड सपाट आणि दुसरी तिला काटकोनात करायला द्या. चौकोनी ठोकळा पूर्ण घासायला लावणं आयटीआयच्या मुलांना ठीक, नववीला तो कंटाळवाणा होतो.

गटांबद्दल: अर्धा वर्ग, १८ जण, पूर्ण ७० मिनिटं साधनांवर. उरलेले १८ त्याच शेडमध्ये बसून आराखडा, पुठ्ठा आणि मोजमाप करतील. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. साधनांवरच्या १८ पैकी ८ व्हाइसवर, जोडीने: एक कानस मारेल, दुसरा गुण्याने तपासेल आणि दर पाच मिनिटांनी बदल. ६ आखणी-पंचावर, ४ ड्रिल आणि रिव्हेटपाशी. तुम्ही उभं राहायचं ते ड्रिलपाशी, दुसरीकडे जाताना मशीन बंद. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून उपयोगाच्या वस्तू करता करताच शिकवतात, तीच वाट इथे बरोबर आहे.

टूलरूम_चिंचोळी

ड्रिल मशीनला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारं स्विच, बसवा. पत्र्याची शेड, लोखंडी बाक आणि घामेजलेले हात एकत्र असताना हे आधी. सकाळच्या शाळेच्या दिवसांत, म्हणजे उन्हाळ्यात, धातूचा तास पहिला ठेवा. दहानंतर शेडमधला पत्रा हाताला चटका देतो.

कार्यानुभव_सोलापूर

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. आठवडाभर ठेवलेल्या तुकड्यांवर बोटांचे ठसे तांबूस उमटतात. आणि तयार उलथण्याला रंग द्यायचा का?

फिटरताई

ठसे घामातल्या मिठामुळे. प्रत्येक तासानंतर तेलाच्या फडक्याने पुसून वर्तमानपत्रात गुंडाळा. टॉवेल कारखान्यांतून निघणाऱ्या कापसाच्या चिंध्या यासाठी उत्तम, तेल छान धरतात.

रंग नको, तव्यावर जळतो. पूर्ण झालेलं उलथणं साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवा, ताबडतोब कोरडं करा. मग करडईच्या तेलाचा अगदी पातळ हात, जवळजवळ पुसून टाकल्याएवढा, आणि तव्यावर मंद आचेवर धूर थांबेपर्यंत तापवा. हे तीनदा केलं की तपकिरी थर बसतो. तेल जाड लावलं तर चिकट राहतं. घरी वापरल्यावर धुऊन कोरडं करायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं, हे मुलांच्या वहीत लिहून द्या.

करडई वाळणारं तेल आहे, म्हणून ते लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हवेशी संयोग होऊन तो आतून तापतो आणि शेडमधल्या उष्णतेत पेटूही शकतो. एकेक चिंधी तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.