चर्चा धागा: उत्खननाचा खर्च बिल्डरकडून घ्यावा का?

केपेकर (धागा सुरू करणारे)
1958 च्या पुरातत्त्व कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आली आणि त्यापुढे आणखी 200 मीटरपर्यंत नियंत्रण आले. त्या रेषेबाहेर मात्र, अगदी कदंब राजांची गोव्यातील जुनी राजधानी असलेल्या गोपकपट्टणाच्या परिसरातही, पाया खणण्याआधी खाली काय आहे ते तपासण्याची सक्ती बहुतेक बांधकामांवर नाही. इंग्लंडने 1990 मध्ये नियोजनाच्या धोरणातूनच यावर मार्ग काढला: ज्याच्या बांधकामामुळे अवशेष नष्ट होणार, त्यानेच त्यांच्या नोंदीचा खर्च करायचा. स्थानिक नियोजन यंत्रणेचा पुरातत्त्वज्ञ कामाची व्याप्ती ठरवतो, उत्खनन संस्था निविदा भरतात, आधी चाचणी चर खणले जातात आणि गरज भासल्यासच पूर्ण उत्खनन होते. वेसेक्स आर्किऑलॉजी, ऑक्सफर्ड आर्किऑलॉजी या तिथल्या मोठ्या संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेल्या असूनही अशीच कामे मिळवतात. गोव्यात हे का होऊ नये?

तिसवाडीची वाचक
केपेकर, आपली तळमळ पटते, उपाय पटत नाही. बिल्डरला इतिहास नको असतो, जागा मोकळी झाल्याचा दाखला हवा असतो. त्यामुळे उत्खनक निवडणे त्याच्या हाती राहिले की सर्वांत कमी दराची निविदा जिंकते. कमी केलेला दर मग भरून काढला जातो तो खोदकामानंतरच्या कामात, म्हणजे खापरांचे वर्गीकरण, कालमापन आणि अहवाल यांत, काटछाट करून, आणि पुरातत्त्वाचे खरे मोल तर तिथेच आहे. शिवाय अशा संस्थेचा मुख्य खर्च माणसांच्या पगाराचा असतो. 2008 च्या मंदीत ब्रिटनमधील घरबांधणी थंडावली आणि अनेक उत्खनकांची नोकरी गेली. अनुभवी हात असे पांगले की पुन्हा जमवायला वर्षे लागतात.

केपेकर
मग आज कोण करते आहे? साळावली धरणाच्या वेळी कुर्डीचे महादेव मंदिर उचलून दुसरीकडे उभारले गेले, कारण ते डोळ्यांना दिसत होते. जमिनीखालचे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी आधी तपासणी हवी, आणि प्रत्येक प्लॉटवर पोहोचण्याइतकी माणसे कुठल्याही सरकारी खात्याकडे नसतात.

सांगेचा अभ्यासक
माझे मत तिसवाडीच्या वाचकांच्या बाजूने झुकते, पण फ्रान्सची रचना दोघांनीही पाहावी. तिथे 2001 च्या कायद्याने इनराप ही पुरातत्त्व उत्खननाची सार्वजनिक संस्था उभी राहिली. 2003 पासून पूर्ण उत्खनन मान्यताप्राप्त खाजगी संस्थांनाही करता येते, मात्र प्राथमिक तपासणी सार्वजनिक यंत्रणेकडेच राहिली आणि तिच्यासाठी बांधकामावर कर बसवला गेला. म्हणजे ‘इथे काही आहे का’ हे ठरवणारा माणूस बिल्डरच्या पैशांवर अवलंबून नसतो. माझ्या मते सगळा वाद या एका जागेवर येऊन थांबतो.

केपेकर
हे मला मान्य आहे. मग रक्कम आधीच शासनाकडे जमा करून घ्यावी, टप्प्याटप्प्याने द्यावी आणि शेवटचा हप्ता अहवाल हाती आल्यावर व वस्तू शासनाच्या ताब्यात दिल्यावरच सोडावा.

तिसवाडीची वाचक
माझा विरोध त्यामुळे सौम्य होतो, संपत नाही. इंग्लंडमधील अनेक संग्रहालयांची कोठारे अशा उत्खननांतील खोक्यांनी भरून गेली आहेत. आपल्या पावसाळी हवेत ती खोकी कोण आणि कोणाच्या खर्चाने सांभाळणार, हे निविदेच्या पहिल्याच पानावर लिहिलेले मला पाहायचे आहे.