इतिहासाचं दीर्घोत्तर: निवाडा आधी द्यावा की शेवटी?

गिरगावकर (धागाकर्ता)
दीर्घोत्तरात गुण जातात ते माहिती कमी पडली म्हणून नव्हे, प्रश्न नीट न वाचल्यामुळे. उदाहरणार्थ: 'मुंबईतील कापडगिरण्यांच्या वाढीला अमेरिकेतील यादवी युद्ध कितपत कारणीभूत ठरले?' 15 गुण, 30 मिनिटं. मुलं 1861 ते 1865, अमेरिकेचा कापूस थांबल्याने आलेली कापसाची तेजी, व्यापाऱ्यांच्या हाती आलेला पैसा असं सांगत सुटतात आणि 'कितपत'ला हातच लावत नाहीत. माझं ठाम मत आहे की निवाडा, म्हणजे 'कितपत'चं थेट उत्तर, पहिल्या चार ओळींत द्यावा: 'युद्धामुळे शहरात पैसा आला, पण गिरण्यांची मोठी वाढ तेजी ओसरल्यावर, 1870 नंतर झाली.' आधी पाच मिनिटं कच्चा आराखडा. मग तीन-चार परिच्छेद. प्रत्येकात पहिली ओळ दाव्याची, मग पुरावा, शेवटी त्याचा प्रश्नाशी संबंध.

परळच्या बाई
असहमत. तपासणारे मुद्द्यांना गुण देतात. निवाडा आधी लिहिला की मुलं त्याला सोयीचे तेवढेच मुद्दे ठेवतात. सुएझ कालवा (1869), कोकणातून आलेले मजूर, चीनमधली सुताची बाजारपेठ, हे सगळं गळून पडतं. चार उपशीर्षकं द्या, प्रत्येकाखाली पाच-सहा ओळी लिहा, निष्कर्ष शेवटी. गठ्ठ्यातला पेपर तपासताना उपशीर्षक लगेच नजरेत भरतं.

गिरगावकर
बाई, उपशीर्षकांना माझा विरोध नाही. पण त्यांच्याखाली येतं काय? 'रेल्वे' असं शीर्षक आणि खाली '16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे'. सन अचूक, पण गिरण्यांबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण बराचसा कापूस पिकत होता घाटापलीकडे. रेल्वेने भोर घाट ओलांडला 1863 मध्ये, थळ घाट 1865 मध्ये. म्हणजे दोन्ही घाट ओलांडून होईपर्यंत युद्ध संपत आलं होतं. हे वाक्य लिहिलं की रेल्वेचा मुद्दा प्रश्नाला येऊन भिडतो.

सनावळी
दोघांच्याही आराखड्यात प्रतिवाद नाही, आणि चांगला पेपर तिथेच वेगळा उठून दिसतो. कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवची गिरणी 1854 मध्ये स्थापली, ती 1856 मध्ये सुरू झाली. म्हणजे युद्धाच्या आधी. युद्ध पेटल्यावर अमेरिकेचा कापूस थांबला, लँकेशायरने (इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या भागाने) मुंबईकडून उचल वाढवली, भाव कडाडले. शेतकरी-व्यापाऱ्यांची चांदी झाली, पण गिरणीला तोच कापूस महाग पडू लागला. शिवाय हाती आलेला पैसा बॅक बे भरणीच्या (समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजनेच्या) शेअरमध्ये आणि सट्ट्यात गेला, आणि 1865 मध्ये सगळं कोसळलं. म्हणजे काही काळ तरी युद्धाने गिरण्यांना खीळ घातली, असंही मांडता येतं. हा परिच्छेद मधोमध टाका आणि त्याला उत्तर द्या. नुसता 'दुसरीकडे' म्हणून सोडून दिला तर परीक्षकाला वाटतं, मुलाचं मत ठरलेलं नाही.

परळच्या बाई
प्रतिवाद पटला, तो चौथ्या उपशीर्षकाखाली बसतो. पण निवाडा आधी ही अट सरसकट नको. अर्ध्यावर लक्षात आलं की पुरावा उलट बाजूचा आहे, तर पहिला परिच्छेद खोडायचा का? तसं खोडलेलं पान मार खातं.

गिरगावकर
ती अडचण आराखड्यात सुटते. मुद्द्यांपुढे 'बाजूने' किंवा 'विरोधात' अशी खूण करा, खुणा मोजा, वजन पाहा, मगच पहिली ओळ लिहा. आणि तुमच्या पद्धतीत 27 मिनिटं झाली, चौथं शीर्षक अर्धवट आहे, तर निष्कर्षच राहतो. म्हणजे 'कितपत'चं उत्तर पानावर कुठेच नाही.

परळच्या बाई
म्हणून तर मी घड्याळ लावून लिहायला लावते. 24व्या मिनिटाला मुद्दा जिथे असेल तिथे थांबायचं, खाली तीन ओळी सोडून निष्कर्ष लिहायचा. वेळ उरला तर त्या ओळी भरायच्या.