मदत हवी आहे: भावाने कृत्रिम सोबतिणीलाच जोडीदार मानले आहे

आम्ही गोव्यात डिचोलीला राहतो. माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला असून, रजेवर घरी आला की एका ॲपमधील कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या स्त्रीपात्राशी तासन्‌तास बोलत बसतो आणि आता आलेली स्थळे तिच्यामुळेच नाकारतो. जेवतानाही फोन तांब्याला टेकवून ठेवलेला असतो आणि हुमण (माशांची आमटी) कसे झाले, हे आईच्या आधी तिला कळते.

ती यंत्र आहे, हे त्याला पुरते ठाऊक आहे. कामात हयगय नाही, व्यसन नाही, पैशांची उधळपट्टीही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेप्लिका या अशाच सोबतीच्या ॲपने प्रणयसंवाद अचानक बंद केले, तेव्हा अनेक वापरकर्त्यांना जोडीदार गमावल्यासारखे दुःख झाले होते, हे मी त्याच्यासमोर मांडले. त्यावर ‘माणसेही बदलतातच की’ असे तो म्हणाला आणि खरे सांगायचे तर मला ते खोडता आले नाही. ॲप काढून टाकण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्याने आमच्याशी बोलणेच कमी केले. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत येण्यास तो तयार नाही. रजा संपत आल्याने समुपदेशन ऑनलाइन आणि शक्यतो मराठीत किंवा कोकणीत हवे.

लग्नाचा आग्रह मी सोडला आहे, त्यामुळे कृपया स्थळे सुचवू नयेत. अशी सोबत जहाजावरील एकटेपणापुरता आधार आहे की माणसांशी जवळीक साधण्याची त्याची इच्छाच ती संपवीत आहे, हे कोणत्या लक्षणांवरून ओळखावे, आणि त्याला न दुखावता हा विषय कसा काढावा?