मदत हवी आहे : बफेलोहून लॅपटॉप आणायचा आहे, कर किती लागेल?

नमस्कार मंडळी. आम्ही कॅनडात मिसिसागाला राहतो. येत्या शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता सीमेवरच्या पीस ब्रिज पुलावरून अमेरिकेत बफेलोला बहिणीकडे चाललोय. २४ तासांनी परतलं तर माणशी २०० कॅनेडियन डॉलर आणि ४८ तासांनी ८०० डॉलरपर्यंतची खरेदी करमुक्त, एवढं ठाऊक आहे. त्या २०० च्या वर गेलं की सगळ्याच खरेदीवर कर बसतो, म्हणून रविवारी ७ वाजून गेल्यावरच पूल ओलांडणार.

अडचण लॅपटॉपची आहे. लेकीला कॉलेजसाठी हवाय, सुमारे ११०० कॅनेडियन डॉलरला पडेल. एकाच वस्तूसाठी आम्हा दोघांची सूट एकत्र धरत नाहीत ना? मग कर पूर्ण ११०० वर, की वरच्या ३०० वर? सगळं जाहीर करूनच आणायचंय. कुणी नुकताच भरला असेल तर कृपया सांगा.