मराठी शाळेच्या यजमान-अर्जातील बंदुकीचा प्रश्न

सस्नेह नमस्कार.

आपल्या मराठी शाळेचे वर्ग आळीपाळीने सभासदांच्या घरी भरतात. त्यासाठीच्या नव्या अर्जात 'घरात बंदूक आहे का, असल्यास ती कशी ठेवता' हा प्रश्न पाहून वाईट वाटले. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही हातात धरले नव्हते, हे खरे. परंतु टेक्सासमध्ये इतकी वर्षे राहिल्यावर काहींनी कायदेशीरपणे बंदूक घेतली आहे आणि घरातल्या मुलांना 'हात लावायचा नाही' असे नीट बजावलेही आहे. ज्याच्या घरी मुले शिरा खाऊन बाराखडी गिरवतात, त्याचीच अशी झडती घ्यायची का?

– शाळेतील एक आजोबा

---

काका, नमस्कार.

प्रश्न मीच घातला आहे, तेव्हा उत्तरही मीच देते. 'बजावले आहे' या शब्दांवर आम्हा बालरोगतज्ज्ञांची फारशी भिस्त नाही. अटलांटात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटांनी एका खोलीत बसवले होते. तिथल्या खणांत पाण्याची दोन पिस्तुले आणि एक खरे, पण निकामी केलेले पिस्तूल होते, आणि संशोधक आरशाआडून पाहत होते. ६४ पैकी ४८ मुलांना खरे पिस्तूल सापडले, ३० जणांनी ते हाताळले आणि १६ जणांनी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीपासून जपण्याचे धडे आधीच मिळालेले होते. अलाबामाच्या ग्रामीण भागातील २००६ सालच्या अभ्यासात 'बंदूक कुठे ठेवतो ते आमच्या मुलाला माहीत नाही' असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटे पाडले.

हे झाले अपघाताचे. मला अधिक काळजी वाटते ती ज्या घरात मूल आधीच काही सोसत असते त्या घराची. फेलिटी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ साली मोठी पाहणी करून दाखवून दिले की बालपणीची मारहाण, घरातील दारू, आईवडिलांपैकी कोणाचे तरी नैराश्य, अशा आघातांची संख्या जितकी वाढते तितका प्रौढपणी हृदयविकारापर्यंतचा धोका वाढत जातो. त्यांच्या प्रश्नावलीत बंदूक आली ती फक्त आईला धमकावल्याच्या वा इजा केल्याच्या प्रश्नात. पुढे फिलाडेल्फियात ही प्रश्नावली विस्तारली, तेव्हा कोणाला भोसकताना वा गोळी घालताना पाहिले-ऐकले का, हेही विचारले गेले. गोळी आपल्याच मुलाला लागावी लागते असेही नाही. शिकागोत आसपास खून झाल्यानंतरच्या आठवड्यात शब्दसंग्रहाची चाचणी दिलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण घसरले होते, असे समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांना २०१० साली आढळले.

आपल्या समाजात दारू आणि नैराश्य 'घरातली गोष्ट' म्हणून घरातच राहते. (दवाखान्यात ती माझ्या कानावर येते, तीही आई एकटी आली तरच.) असे प्रश्न मी अर्जात घालू शकत नाही आणि घातले तरी कोणी खरे उत्तर देणार नाही. यजमानाचे दुःख मला विचारता येत नाही. कुलूप मात्र विचारता येते. बंदूक रिकामी, कुलूपबंद आणि गोळ्या वेगळ्या कुलपात, एवढेच मागणे आहे. २०२० पासून या देशात १ ते १९ वयोगटाच्या मृत्यूंचे पहिले कारण बंदूक झाले असताना हे विचारणे मला शेंगदाण्याची ॲलर्जी विचारण्याइतकेच साधे वाटते.

– शाळेची डॉक्टरताई

---

डॉक्टरताई,

आपले पत्र वाचून काल रात्री सात वर्षांच्या नातवाला सहज विचारले, "आजोबांच्या लोखंडी पेटीची चावी कुठे असते रे?" तो खेळ न थांबवता म्हणाला, "देवघरात, ताम्हनाखाली." ती जागा मी सूनबाईंनाही सांगितलेली नव्हती. चावी आता माझ्या गळ्यातल्या गोफात आहे आणि गोळ्यांसाठी दुसरी पेटी मागवली आहे. प्रश्न अर्जात राहू द्यावा. फक्त तो पहिल्याच ओळीत नको, ॲलर्जीच्या प्रश्नाखाली घ्यावा, ही विनंती. पुढल्या रविवारचा वर्ग ठरल्याप्रमाणे आमच्याकडेच.

– शाळेतील एक आजोबा