दाताच्या दवाखान्याचे सॉफ्टवेअर क्लाउडवर न्यायचे, तर दवाखान्यात आधी काय हवे?

धागाकर्ता (कराड, एका खुर्चीचा दवाखाना)

क्लाउड सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रतिनिधींचे बोलणे ठरलेले असते: सर्व्हर नको, इन्स्टॉलेशन नको, ब्राउझर उघडा आणि काम सुरू करा. अपॉइंटमेंट, बिले आणि केसपेपर यांच्यापुरते ते खरेही आहे. पण आपले निम्मे निदान एक्स-रेवर अवलंबून असते आणि तिथे हे आश्वासन टिकत नाही. आरव्हीजीचा, म्हणजे दाताच्या डिजिटल एक्स-रेचा, सेन्सर यूएसबीने संगणकाला जोडलेला असतो, त्याचा ड्रायव्हर बहुधा विंडोजसाठीच लिहिलेला असतो, आणि ब्राउझरला सेन्सरकडून चित्र सहसा थेट घेता येत नसल्यामुळे मध्ये एक छोटा प्रोग्रॅम त्याच संगणकावर चालू ठेवावा लागतो. त्यामुळे रिसेप्शनवर टॅबलेट चालेल, खुर्चीशेजारी मात्र विंडोजचा संगणकच लागेल. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि दवाखान्यांतील कित्येक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला नवा संगणक, आणि सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) पाहायचे असल्यास १६ जीबी व वेगळे ग्राफिक्स कार्ड, हा खर्च प्रतिनिधीच्या कोटेशनमध्ये कुठेच नसतो.

दुसरा मुद्दा वेगाचा आहे. आपण इंटरनेटचा वेग विचारतो तेव्हा डाउनलोडचा आकडा सांगितला जातो, पण दवाखान्याला अपलोडही तितकाच महत्त्वाचा असतो. ३०० एमबीचा सीबीसीटी १० एमबीपीएस अपलोडने चढवायला किमान ४ मिनिटे लागतात. मोबाइल जोडणीवर तोच वेग २ एमबीपीएसवर आला, तर २० मिनिटे. तेवढा वेळ रुग्णाला तोंड उघडे ठेवून बसवता येत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की तालुक्याच्या गावातील लहान दवाखान्याने एक्स-रेची चित्रे स्वतःच्या संगणकावरच ठेवावीत आणि क्लाउडचा उपयोग अपॉइंटमेंट व बिलांपुरता मर्यादित करावा.

चिपळूणच्या दंतवैद्य

डॉक्टर, सेन्सरबद्दल आपण लिहिले ते मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या बाजारपेठेतील तळमजले पाण्याखाली गेले. ज्यांचा संगणक आणि बॅकअपची हार्डडिस्क एकाच कपाटात होती, त्यांच्याकडे रुग्णांचे काहीच उरले नाही. दात सरळ करण्याचे उपचार दीड-दोन वर्षे चालतात. सुरुवातीचे फोटो आणि सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे) गेले, तर पुढे दात किती सरकले हे कशाशी ताडून पाहायचे? कोकणात "स्वतःच्या संगणकावर" म्हणजे दर पावसाळ्यात धोका पत्करणे, आणि २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकरांना, तसेच कराडकर म्हणून आपल्यालाही, हे वेगळे सांगायला नको.

वेगाचा हिशेबही आपण टोकाचे उदाहरण घेऊन मांडला आहे. आरव्हीजीचे एक चित्र काही एमबींचे असते. सीबीसीटी तर बहुतेक लहान दवाखाने बाहेरच्या केंद्रातच काढून आणतात. चित्र आधी खुर्चीशेजारच्या संगणकावर उमटावे आणि सवडीने, हवे तर रात्री, क्लाउडवर चढावे, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे की नाही हे खरेदीपूर्वी विचारावे. नसेल तर ते सॉफ्टवेअर नाकारावे. क्लाउडच नाकारण्याचे कारण नाही.

संगणक-जोडणीचे काम करणारा, नाशिक

आपल्या दोघांच्या वादात वीज बाजूला राहिली आहे. इन्व्हर्टरवर खुर्चीचा दिवा आणि पंखा असतो, पण राउटर आणि फायबरचा डबा साध्या प्लगवर, हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहतो की आता आधी तेच तपासतो. वीज गेली की फायबर शाबूत असूनही इंटरनेट बंद होते आणि शिव्या क्लाउडला बसतात. त्या दोन डब्यांना वीज फारच थोडी लागते. एक लहान यूपीएस पुरतो. कॉम्प्रेसर आणि ऑटोक्लेव्ह (उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र) मात्र त्या लाइनवर चुकूनही घेऊ नयेत.

दुसरी इंटरनेट जोडणी घ्यायची तर ती दुसऱ्या कंपनीचे फायबर नसावी, कारण दोन्ही केबली बऱ्याचदा एकाच खांबावरून येतात आणि झाडाची फांदी पडली की एकदमच तुटतात. दोन वॅन पोर्टचा, म्हणजे दोन इंटरनेट जोडण्या घेऊ शकणारा, राउटर आणि त्यात सिमकार्डची जोडणी ही खरी दुसरी वाट. खुर्चीशेजारचा संगणक वाय-फायवर ठेवू नये. एक्स-रेच्या खोलीच्या जाड भिंती, शिवाय कुठे शिशाचा पत्रा, यांतून सिग्नल नीट येत नाही. लॅन केबल ओढावी. आणि प्रतीक्षागृहातील रुग्णांना द्यायचे वाय-फाय पूर्णपणे वेगळे असावे, यावर माझ्याकडून सवलत नाही.

पुणे, तीन शाखा चालवणारे दंतवैद्य

स्वतःचा संगणक सुरक्षित, हे गृहीतकच मला पटत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) बंद पाडले आणि जवळपास दोन आठवडे तिथल्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर ज्या दवाखान्यात सर्वांचा एकच पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो, तिथे काय अपेक्षा ठेवायची? क्लाउडवर प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळे लॉगिन देता येते, मोबाइलवरील दुसरी पडताळणी लावता येते आणि रिसेप्शनिस्टने नोकरी सोडली की त्याच दिवशी तिचा प्रवेश बंद करता येतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हे ओझे एकट्या डॉक्टरने कशाला वाहायचे?

धागाकर्ता

शेवटच्या वाक्यावर माझा ठाम आक्षेप आहे. ते ओझे क्लाउड घेतल्याने उतरत नाही. आपल्या वतीने कंपनी माहिती साठवत असली, तरी त्या कायद्यानुसार रुग्णापुढची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याची, म्हणजे दवाखान्याचीच राहते. आणि कंपन्याही पडतात. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत दंतवैद्यांना ऑनलाइन बॅकअप पुरवणाऱ्या एका सेवेतूनच रॅन्समवेअर शिरले आणि सुमारे ४०० दवाखान्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. एम्सचे उदाहरण दिले, तर हेही शेजारी ठेवावे लागेल.

पुराचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. गावाबाहेर एक प्रत असलीच पाहिजे, एवढे मी माझ्या मतात जोडतो. पण ती एकमेव प्रत असू नये. करार संपला की चित्रे परत कोणत्या स्वरूपात मिळतील, हेही लेखी घ्यावे. डायकॉम (वैद्यकीय चित्रांसाठीच्या) स्वरूपातील मूळ फाइलऐवजी जेपीईजी हातात ठेवले, तर रुग्णाचे नाव, तारीख आणि मोजमापाची माहिती चित्रासोबत येत नाही.

कोल्हापूर, नुकताच दवाखाना सुरू केलेली डॉक्टर

थोडे वेगळे, पण खरेदीपूर्वी तपासण्यासारखे: परदेशी सॉफ्टवेअरमध्ये दातांचे क्रमांक अमेरिकी पद्धतीचे असू शकतात. आपल्या एफडीआय (जागतिक दंत महासंघाच्या) पद्धतीत १६ म्हणजे वरची उजवी पहिली दाढ. अमेरिकी पद्धतीत १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. दात काढण्याच्या नोंदीत हा घोळ किती महागात पडेल, हे इथे कोणाला समजावायला नको. सेटिंग बदलता येत नसेल, तर पुढची चौकशीच करू नये.

चिपळूणच्या दंतवैद्य

दोन प्रती हव्यात यावर आपण एकत्र आलो, तर वाद एवढाच उरतो की रोजच्या कामाची मूळ प्रत कोणती. माझ्या मते ती क्लाउडवरची असावी आणि दवाखान्यातील संगणकाकडे दुय्यम प्रत राहावी, कारण एकट्या डॉक्टरकडून रोजचा बॅकअप नियमाने होत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. इंटरनेट बंद पडण्याच्या दिवसासाठी आम्ही सकाळी त्या दिवसाच्या रुग्णांची यादी, त्यांच्या ॲलर्जी आणि चालू औषधांसह, छापून ठेवतो. त्या एका कागदावर दिवस निघतो.

धागाकर्ता

चिपळूणला निघत असेल. मला रूट कॅनॉलच्या मध्यावर मागच्या भेटीचा एक्स-रे पाहायचा असतो, आणि तो छापील यादीत नसतो. मूळ प्रत माझ्याकडेच राहील. क्लाउडने दुय्यम व्हावे.

संगणक-जोडणीचे काम करणारा, नाशिक

मूळ कोणतीही ठेवा, पण महिन्यातून एकदा दुसऱ्या प्रतीतून एका रुग्णाची फाइल प्रत्यक्ष उघडून पाहा. बॅकअप झाल्याची हिरवी खूण दिसत असते आणि आत फोल्डर रिकामा असतो, असे मी पाहिले आहे.